डावी कूस

“मागं बसलेल्या माणसाला पट्टा कामून लागतो? पुढं बसल्यावर एक ठीक हाय. मागं काय आपण बैलं हाव, दावणीला बांधायला?”

द्वारकाबाई पुटपुटल्या. मोठ्यानं नाही, तोंडात सुपारी धरून बोलावं तसं, अर्धं स्वतःशी आणि अर्धं शेजारी डोळे मिटून बसलेल्या लेकीच्या कानाशी. सुलेखा झोपलेली नव्हती. पण डोळे मिटलेल्या माणसाला लोक झोपलेलं समजतात आणि झोपलेल्या माणसाला उत्तर द्यावं लागत नाही, हे तिला गेल्या सहा दिवसांत चांगलं समजलं होतं. पुढून मोतीराम म्हणाला, “काकू, सिस्टरनं दोनदा बजावलंय. पट्टा लावल्याबिगर गाडी हालवायची नाय, आणि ताईंच्या पट्ट्याखाली उशी. मी काय करू?” मोतीराम देवगावचाच. शेती भावाकडं सोपवून त्यानं ही गाडी घेतली होती, आणि लग्नाच्या नवरीपासून सापानं चावलेल्या माणसापर्यंत सगळ्यांना तो सारख्याच गंभीर तोंडानं शहरात न्यायचा आणि परत आणायचा. आज त्यानं गाडीतलं गाणंसुद्धा बंद ठेवलं होतं.

हॉस्पिटलच्या फाटकातला ब्रेकर त्यानं इतक्या हळू घेतला की मागून हॉर्न वाजले. पुढची चाकं चढली, उतरली. मग मागची चढली, आणि उतरताना गाडी बोटभर, फक्त बोटभर, खाली बसली. सुलेखाच्या डाव्या कुशीत कुणीतरी आतून दोरा ओढला. कापड गोळा होतं तशी ती त्या एका जागेवर गोळा झाली. तिनं दोन्ही हातांनी उशी पोटाशी दाबली, सिस्टरनं शिकवलं होतं तसं. श्वास धरायचा नाही, सोडायचा. तिनं सोडला. आई म्हणाली, “हळू रं बाबा.” मोतीराम म्हणाला, “हळूच हाय काकू, ह्याच्यापरीस हळू म्हंजे थांबलेली.” त्या धक्क्यानं दोघींच्या मधल्या जागेवर ठेवलेल्या पिशवीतला नारळ घरंगळला आणि सुलेखाच्या मांडीला येऊन टेकला. आईनं तो उचलून परत मधे ठेवला.  

उशी तिनं स्वतः शिवलेली होती. ऑपरेशनच्या आधी सिस्टरनं आणायच्या वस्तूंची यादी दिली होती, त्यात शेवटी लिहिलं होतं, एक लहान, कडक उशी. खोकला आला, शिंक आली, हसू आलं, तर पोटाशी दाबून धरायला. आणि घरी जाताना पट्टा आणि टाक्यांच्या मधे ठेवायला. हसू आलं तर, हे वाचून तिला खरंच हसू आलं होतं. शहरात गुलमंडीवर एका साडीच्या दुकानाच्या जिन्याखाली तिचं फॉल-पिकोचं मशीन होतं, वीस वर्षांपासून. वरच्या मजल्यावर तिची खोली. साड्यांच्या कडांचे उरलेले तुकडे ती पिशव्यांत भरून ठेवायची, कशाला ते तिलाही ठाऊक नसायचं. त्याच चिंध्या उशीत ठासून भरल्या. किती बायकांच्या लग्नाच्या, डोहाळजेवणाच्या, साठीच्या साड्यांचे काठ त्या उशीत होते, देव जाणे. ज्या कार्यांना तिला कुणी बोलावलं नव्हतं त्या सगळ्या कार्यांचा थोडा थोडा तुकडा. आता तेच पोटाशी धरून ती चालली होती. ड्रेसिंग बदलताना तिनं मान उचलून टाके बघितले होते. सिस्टर म्हणाली, बघू नका, चक्कर येते लोकांना. तिला चक्कर आली नाही. तिला वाटलं, खालच्या बाजूला दोन टाके दूर पडलेत. मी असते तर उसवून परत घातले असते.

नगर नाक्याच्या पुढं छावणीचा रस्ता लागला आणि झाडांची सावली पापण्यांवरून सरकायला लागली. उजेड, काळोख, उजेड. नारळ. तिला न बघताही तो तिथं आहे हे जाणवत होतं, जसं खोलीत कुणीतरी बसलेलं जाणवतं. सकाळी डिस्चार्जचे कागद तयार झाले तेव्हा सोनिया, तिची भावजय, वरच्या मजल्यावरून धावत खाली आली होती. धाकटा भाऊ शिवराज अजून काचेच्या खोलीत होता. त्याला आणखी पंधरा दिवस तरी कुणाला भेटू देणार नव्हते. सोनियाच्या तोंडावर मास्क, डोक्यावर निळी टोपी, आणि हातात ही पिशवी. नारळ, खण, कागदात बांधलेले तांदूळ, हळकुंड. सुलेखा चाकाच्या खुर्चीत बसलेली. सोनिया तिच्यापुढं गुडघ्यावर बसली आणि म्हणाली, “ताई, ओढणी पसरा.” सुलेखानं पसरली. कुणी पसर म्हटलं की पसरायची, एवढंच तिच्या लक्षात आलं. सोनियानं मूठभर तांदूळ घेतले, आणि तेवढ्यात आई मागून म्हणाली, “सोनिया.” बाकी काही नाही, फक्त नाव. सोनियाची मूठ हवेत राहिली. मग तिला आठवलं असावं, की ओटी लग्न झालेल्या बाईची भरतात. कुमारिकेची भरत नाहीत, ती सेहेचाळीस वर्षांची असली तरी. मास्कच्या वरचे तिचे डोळे इतके घाबरले की सुलेखालाच तिची कीव आली. एका बाईनं भावाला किडनी दिली तर तिला काय द्यायचं, ह्याची रीत कुठल्याच घरात नव्हती. म्हणून बिचारीनं हाताशी होती ती रीत उचलली आणि ती मापात बसली नाही. तांदूळ परत कागदात गेले. पिशवी मग कुणाची म्हणावी? सोनियानं ती खुर्चीच्या कडेला ठेवली, आईनं ती गाडीत आणली. आता ती मधल्या जागेवर बसून तिघांबरोबर देवगावला चालली होती.

“ताई जाग्या झाल्या का?” मोतीराम आरशातून म्हणाला. तिनं डोळे उघडले होते वाटतं. “भावाचं कसं हाय?”

“बरं आहे.”

“चालू झाली म्हणं किडनी.”

“हो. लगेच.”

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी सोनियाचा फोन आला तेव्हा ती रडत होती आणि हसत होती आणि एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती, बॅग भरतेय ताई, सारखी भरतेय, सिस्टरला सारखी रिकामी करावी लागतेय. त्या घरात लघवीवर एवढा आनंद ह्याआधी फक्त शिवराज जन्मला तेव्हा झाला असेल. बाबा, पुंजाराम, तेव्हा जिवंत होते आणि बाजेवर तान्ह्यानं त्यांचं धोतर भिजवलं म्हणून गावभर सांगत फिरले होते. सुलेखा तेव्हा सात वर्षांची. तिलाही खरंच आनंद झाला होता. तेव्हाही आणि परवाही. परवा तिनं भिंतीकडं तोंड करून उशी पोटाशी धरली होती आणि मनात म्हटलं होतं, चाल बाई, तिकडं नीट चाल. स्वतःच्याच शरीरातल्या, आता दुसऱ्या मजल्यावर राहायला गेलेल्या एका तुकड्याशी ती बोलत होती, सासरी गेलेल्या पोरीशी बोलावं तशी.

“नशीब बघा,” मोतीराम म्हणाला, “घरात एवढी माणसं, आन् जुळलं फक्त तुमचं. काकूंना शुगर. सोनियावैनींचा रक्तगट येगळा, बी. मग राहिलं कोण? ज्याचं असतं त्याच्याच हातून व्हतं.” त्याला चांगलंच बोलायचं होतं. आई खिडकीबाहेर बघत होती. मिटमिट्याच्या पुढं एक ट्रॅक्टर मक्याची कणसं भरून चालला होता आणि आई त्या कणसांकडं अशी बघत होती, जसा काही तो मका तिच्या शेतातला आहे.

ओ पॉझिटिव्ह. हे दोन शब्द सुलेखाच्या डोळ्यांपुढून महिनाभर हलले नव्हते. ऑपरेशनच्या आधी एका समितीपुढं जावं लागतं. पाच माणसं, एक कॅमेरा. त्या दिवशी बाहेरच्या बाकावर शिवराजची जाडजूड फाईल तिच्या मांडीवर देऊन सोनिया झेरॉक्स काढायला गेली होती, आणि आई देवाचं नाव घेत डोळे मिटून बसली होती. सुलेखा नुसती पानं उलटत होती. कापडाचं ठाण हातात आलं की बोट फिरवून बघायची तिची सवय, तसंच. एका पानावर सोनियाचं नाव. वय तेहतीस. रक्तगट, ओ पॉझिटिव्ह. आणि खाली पेनानं, घाईच्या अक्षरात: पुढील तपासणी नातेवाइकांच्या विनंतीवरून थांबविली. शिवराजचाही ओ पॉझिटिव्ह. त्याच्या कंपनीच्या ओळखपत्रावर असायचा, ते तिनंच प्लास्टिकमध्ये घालून आणलं होतं. तिनं ते पान दोनदा वाचलं. मग पुढचं पान उलटलं. मग फाईल बंद केली आणि फीत बांधली, नेहमीसारखी, दोन गाठींची. आत गेल्यावर मधले साहेब म्हणाले, स्वखुशीनं देताय ना? ती म्हणाली, हो. कुणाचा दबाव? नाही. कॅमेऱ्याचा लाल ठिपका तिच्याकडं बघत होता. साहेबांनी असंही विचारलं, घरात आणखी कुणी देणारं होतं का? तेव्हा ती जरा थांबली, आणि म्हणाली, नाही, माझंच जुळलं. खोटं ती स्वतः बोलली. घरच्यांनी शिवलेलं खोटं तिनं घातलं आणि ते तिला अगदी मापात बसलं, ही त्यातली गंमत.

तिला राग होता का? सहा दिवस हॉस्पिटलच्या छताकडं बघत तिनं राग शोधला होता. सापडला नाही. सोनियाला दोन लेकरं आहेत, धाकटा चार वर्षांचा. थोरली श्रेया नववीत. हिशेब कुणीही हाच केला असता. तिला मांडायला दिला असता तर तिनंही. पण तिला मांडायला दिला नव्हता. घरी चल, पंधरा दिवस माझ्या डोळ्यांपुढं राहा, असं आई म्हणत होती, आणि त्या घराच्या पडवीत बाजेवर पडून आईच्या हातचा मऊ भात खायचा, आल्यागेल्यानं म्हणायचं, नशीब बघा, हिचंच जुळलं; आईनं मका निवडत मान हलवायची; आणि हिनंही हलवायची. ते तिला जमणार नव्हतं. एवढंच. किडनी गेली त्याचं काही नाही. पण ते खोटं अजून आत होतं, घाईत विसरलेल्या कापसाच्या बोळ्यासारखं, आणि त्याच्यावरून टाके घातलेले होते. कुणीतरी एकदा बोलायला हवं होतं. आई, नाहीतर शिवराज, नाहीतर सोनिया. शिवराज ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी तिच्या खाटेपाशी येऊन उभा राहिला होता, सुजलेल्या चेहऱ्यानं, आणि तिला वाटलं होतं, आता बोलेल. त्यानं तिचं बोट धरलं. “ताई,” तो म्हणाला. मग बऱ्याच वेळानं, “जेवलीस का?” दोघांनाही दुपारपासून जेवण बंद होतं.

दौलताबादच्या दरवाजापाशी नेहमीसारखी गाड्यांची रांग. कमान अरुंद, एका वेळी एकच वाहन जातं. मोतीराम थांबला. सीताफळांच्या टोपल्या घेऊन बायका काचेशी आल्या आणि तिची उशी बघून मागं सरल्या. त्यांना वाटलं असेल बाळंतीण आहे. गोडसर, पिकलेल्या सीताफळाचा वास आत आला, आणि त्या वासाबरोबर शिवराजचं डोकं. तो लहान असताना त्याच्या केसांना हाच वास यायचा, सदा चिकट. आई शेतात, आणि तो हिच्या डाव्या कमरेवर. पाणी भरताना, भाकरी करताना, शाळेत जातानासुद्धा. मास्तर म्हणायचे, सुलेखाची हजेरी, दोन. उजवा हात कामाला मोकळा राहावा म्हणून पोरगं नेहमी डावीकडं. तिची कंबर तेव्हापासूनच जरा कलती होती, ब्लाउज शिवताना डाव्या बाजूला अर्धा इंच जास्त धरावा लागायचा. डॉक्टरनं सांगितलं, डावी काढू, तेव्हा ती मनात म्हणाली, ती तर त्याचीच जागा.

बाबा गेले तेव्हा ती बावीस वर्षांची. वैजापूरकडचं एक स्थळ आलेलं होतं, मुलगा एसटीत वर्कशॉपला, हसला की एक दात पुढं दिसायचा. तो दात तिला अजून आठवतो, नाव आठवत नाही. आई म्हणाली, शिवराजची दहावी होऊ दे, पुढच्या वर्षी बघू. मग शिवराजचं आयटीआय. मग त्याची वाळूजची नोकरी, मग त्याचं लग्न. दरवर्षी पुढचं वर्ष. बघायचं थांबवलं असं कुणी कधी म्हणालं नाही. कुठल्या तरी एका दिवाळीत ते थांबलेलं होतं, एवढंच. घड्याळ बंद पडलेलं आपल्याला दुसऱ्या दिवशी कळतं, तसं. तिला तेव्हाही विचारलं असतं तर ती म्हणाली असती, राहू द्या, आधी शिवराज. खरंच म्हणाली असती. तिला विचारत नव्हते ते ह्यामुळंच की काय, असं तिला घाटात वाटलं. वळणावळणावर पट्टा उशीत रुतत होता आणि सुटत होता. ज्याचं उत्तर हो आहे हे ठाऊक असतं त्याला कोण कशाला विचारत बसतं? पाण्याला कुणी विचारतं का, उतारानं जातंस का म्हणून.

वेरूळ सोडल्यावर मोतीरामनं गाडी एका लिंबाखाली घेतली. “तास झाला. सिस्टर म्हनली व्हती, तासाला उतरवून पाच मिंट चालवा, पायात रक्त गोठतं.” त्यानं दार उघडलं आणि तंबाखू मळत लांब जाऊन पाठ करून उभा राहिला; त्याला ही समज कुठून आली होती कोण जाणे. आईनं पट्टा सोडायला तीन वेळा चुकीचं बटण दाबलं. सुलेखा आधी पाय बाहेर, मग कूस, मग डोकं, शिकवलेल्या क्रमानं बाहेर आली. आईनं उशी काखेत घेतली आणि दुसऱ्या हातानं तिचा दंड धरला. आईचे गुडघे दुखरे, हिची कूस दुखरी. त्या दोघी डांबराच्या कडेनं अशा चालल्या, की कोण कुणाला धरून आहे ते लांबून कळलं नसतं. पलीकडं कपाशीत बायका वेचत होत्या. त्यांच्या पोटांशी बांधलेल्या झोळ्या फुगलेल्या.

“मोतीराम,” सुलेखा म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला. “गाडी परत घ्या. मला गुलमंडीला सोडा.”

मोतीराम वळला. तिच्याकडं न बघता काकूंकडं बघितलं.

“आगं येडी का खुळी तू?” आई म्हणाली. “बावीस पायऱ्या हायत्या तिथं. जिना कोण चढंल? पानी कोण देईल?”

“मी चढेन. बसत बसत.”

“दोन किलोच्या वर उचलू नको म्हनलंय तुला. बादली कोण उचलंल?”

“तांब्यानं भरेन.”

“आन् गावाला काय सांगू मी?”

“सांग, तिचंच जुळत होतं.”

ती ते रागानं बोलली नव्हती. अगदी साध्या आवाजात, दुकानात बाईला सांगावं, फॉल उद्या मिळेल, तसं. पण आईचा हात तिच्या दंडावर घट्ट झाला आणि मग सैल झाला. एक ट्रक गेला. वाऱ्यानं आईचा पदर डोक्यावरून खाली आला आणि तिनं तो सावरला नाही. मोतीरामनं मळलेली तंबाखू तोंडात न टाकता तशीच हातात धरली. त्याला ऐकू येत होतं, आणि ऐकू येतंय हे लपवायला रस्त्यावर काही नव्हतं.

आईनं उशी काखेतून काढली आणि स्वतःच्या पोटाशी धरली, दोन्ही हातांनी, टाके तिलाच असल्यासारखी. कपाशीकडं बघत राहिली.

“तुला कुनी सांगितलं?”

“कुणीच नाही,” सुलेखा म्हणाली. “फाईल माझ्या मांडीवर होती.”

“कधी?”

“आत जाण्याच्या आधी.”

“आन् तरी तू आत जाऊन व्हय म्हनली?”

सुलेखाला खोकला आला, तिनं उशीसाठी हात पुढं केला, पण उशी आईपाशी होती, तेव्हा तिनं नुसत्या हातांनी कूस दाबली. दुखलं. डोळ्यांत पाणी आलं ते खोकल्याचं होतं, असं तिचं तिनं ठरवलं.

“सोनियाचं रक्त जुळत व्हतं,” आई म्हणाली. मोठ्यानं, वेचणाऱ्या दोघीतिघींनी मान वर केली इतक्या मोठ्यानं. मग आवाज उतरला. “ती तयार व्हती. पोरगी रडत व्हती, पर तयार व्हती. शिवराजबी म्हनला, ताईला नको. मी थांबवलं. मी डॉक्टरच्या खोलीत गेले आन् म्हनलं, हिच्या तपासण्या नका करू, हिला दोन लेकरं हायती. उद्या हिला काय झालं तर त्येंच्याकडं कोण बघंल? म्हनलं, आमच्याकडं दुसरी हाय. तिच्यामागं कोनी नाय.”

लिंबाचं एक पिवळं पान आईच्या खांद्यावर पडलं. दुसरी. सुलेखानं तो शब्द मनातल्या मनात बोटांनी चाचपून बघितला. खरखरीत होता, पण सलग होता; त्यात जोड नव्हता.

“मला विचारायचं होतं, आई.”

“इचारलं असतं तर तू दिली असती.”

“दिली असती.”

“ठाव व्हतं मला.”

“मग?”

आई बराच वेळ उशीच्या कडेची शिवण अंगठ्यानं चाचपत राहिली, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. शेवटी तिनं मान वळवली.

“मग काय,” ती म्हणाली. “इचारताना तुझ्या तोंडाकडं बघावं लागलं असतं.”